मी बंद केलेला माइक

ज्याच्या हातात आवाजाचं बटण असतं, त्याच्याकडे गर्दीतलं कोणीही बघत नाही. चाळीस वर्षं मी मुरबाड आणि शहापूर तालुक्यांत लाऊडस्पीकर भाड्यानं देण्याचा धंदा केला. लग्नं, बारशी, भजनी सप्ताह, प्रचारसभा, मोर्चे, म्हसा गावची जत्रा. सगळीकडे माझी जागा ठरलेली. स्टेजच्या डाव्या अंगाला, ॲम्प्लिफायरच्या डब्यामागे, एका लाकडी खोक्यावर. हजारो फोटो निघाले असतील त्या सभांचे, एकातही मी नाही. फार तर माझा गुडघा असेल.

आमचा धंदा बाहेरच्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येतो. बोलणारा माइकमध्ये बोलतो, डबा तो आवाज मोठा करतो आणि कर्णा तो लोकांवर फेकतो. तिसरं वाक्य शिकायला मात्र मला दहा वर्षं लागली. आवाज कुठे जाणार हे यंत्राच्या हातात नसतं, ते वारा आणि डोंगर ठरवतात. मुरबाडकडे संध्याकाळी वारा फिरला की भाषण श्रोत्यांना सोडून शेजारच्या गावाला ऐकू येतं. टोकावड्याकडे डोंगर इतका जवळ, की वक्त्याचं वाक्य त्याच्याच कानावर परत येतं आणि तो स्वतःच्याच बोलण्यानं गोंधळतो. म्हणून कर्णे कुठल्या आंब्यावर बांधायचे, तोंडं किती खाली झुकवायची, हे मी आदल्या दिवशी रिकाम्या मैदानात उभा राहून ठरवायचो. रिकामं मैदान मला फार आवडायचं. उद्या इथे कोण बसणार, कोण काय ऐकणार, असं काहीबाही मनात यायचं आणि तासभर कसा गेला कळायचं नाही. बायको म्हणायची, "वायर बांधायला जातात की सपनं बघायला?"

कार्यक्रम सुरू झाला की मी एकच गोष्ट बघायचो, सगळ्यात मागची रांग. तिथली म्हातारी मान पुढे काढत असेल तर आवाज वाढवायचा. ती शेजारणीशी गप्पा मारत असेल तर आवाज ठीक आहे, भाषणच पडलेलं आहे. त्यावर माझ्याकडे इलाज नव्हता.

गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगू लागलो तर हा अंक पुरणार नाही. एकच सांगतो. म्हशाच्या जत्रेत हरवल्या-सापडल्याच्या सूचना पुकारायचं काम माझ्याकडे असायचं. एका वर्षी एक म्हातारा आला. त्याचा बैल बाजारातून सुटला होता. मी म्हटलं, "बाबा, रंग सांगा, शिंगं कशी ते सांगा, मी पुकारतो."

"तू पुकारशील तर तो कसा येल? त्याला तुजी वळख हाय का?" म्हातारा म्हणाला. "मना दे तो भोंगा."

दिला. म्हाताऱ्यानं डोळे मिटले आणि संध्याकाळी गोठ्यात घालतात तशी हाक घातली. शब्द नव्हताच तो. घशातून निघालेला लांबच लांब सूर होता. पौषातली थंडी, धुळीचा पडदा, आणि त्या सुरावर आख्ख्या बाजारातल्या बैलांनी माना वर केल्या. पाळण्यांजवळच्या बायका गप्प झाल्या. थोड्या वेळानं एक तांबडा बैल तुटकं दावं ओढत, माणसांमधून वाट काढत, सरळ माझ्या खोक्यापाशी येऊन उभा राहिला.

माइक कशासाठी असतो ते मला त्या दिवशी समजलं. ज्याची हाक त्याच्याच आवाजात पोचावी, एवढ्यासाठी. हे समजलेलं असूनही मी पुढे जे केलं, ते सांगण्यासाठी आज लिहायला बसलो आहे.

तेव्हा आमच्या भागात एक तरुण पुढारी होते. खरं नाव लिहीत नाही. सगळे त्यांना नाना म्हणायचे. नानांसारखं बोलणारा माणूस मी दुसरा ऐकला नाही. मी जग पाहिलं ते नानांच्या भाषणांतून. ते पाड्यापाड्यांवर सभा घ्यायचे आणि शेताच्या बांधावर बसलेल्या माणसांना दूरदूरच्या देशांच्या गोष्टी सांगायचे. एका शहराच्या मधोमध भिंत होती, ती लोकांनी हातोड्यांनी फोडली. एका देशात अर्धं आयुष्य तुरुंगात काढलेला माणूस मूठ वर करून बाहेर आला. एका चौकात एक माणूस हातात पिशव्या घेऊन एकटा रणगाड्यांसमोर उभा राहिला. "बाजारातून घरी निघाला असेल तो," नाना म्हणायचे, "आणि वाटेत थांबला. तुम्ही कधी थांबणार?" खोक्यावर बसलेल्या माझ्या अंगावर काटा यायचा. मला वाटायचं, ती माणसं फार लांब नाहीत. माळशेजच्या पलीकडेच कुठेतरी ती उभी आहेत आणि धुकं निवळलं की घाट उतरून येतील.

माझं नाव बाळाराम, नाना मला बाळ्या म्हणायचे. मोर्चा असला की भाडं मी निम्मंच घ्यायचो. आपणही त्या भिंतीवर एक घाव घालतो आहोत, असं वाटायचं.

वीटभट्टीवर काम करणाऱ्या कातकऱ्यांची एक सभा नानांनी शहापूरला घेतली. कर्णे मीच बांधले होते. वाशिंदकडच्या भट्ट्यांवरून माणसं चालत आली होती. नाना तासभर बोलले, सगळं मैदान भारून गेलं. शेवटी ते म्हणाले, "आता भट्टीवरची एखादी भगिनी आपलं दुःख सांगेल."

कोणी उठेना. मग मधल्या रांगेतून एक मुलगी उभी राहिली. वीसबावीस वर्षांची असेल. तिचं नाव चांगुणा. पाण्यानं भरलेला तांब्या धरावा तसा तिनं माइक दोन्ही हातांनी धरला.

"आमी सातजनी व्हतो," ती म्हणाली. आवाज सरळ, मोकळा, शेवटच्या रांगेपर्यंत गेलेला. मी आवाज वाढवलासुद्धा नाही. "सनाला घरा जातो बोललो, तर आमाला खोलीत कोंडला. दोन दिस. बाहेरून कडी. मना समद्यांनी सांगलाय, नाव नको घेव. मी नाव नाय घेत. पन ज्यानं कडी लावली तो हितंच हाय. तो नानांच्या शेजारी—"

नानांच्या शेजारी त्यांचे मेहुणे बसले होते, भट्टीचे मालक.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. उजव्या हाताचा पंजा पालथा धरला आणि हळूच जमिनीकडे नेला. लहान मुलाला थोपटून निजवतात तसा. आमच्यात अशा खुणा होत्या, एरवी त्याचा अर्थ आवाज थोडा कमी कर, एवढाच. पण मला बरोबर कळलं. मी बटण दाबलं.

तिचे ओठ हलत होते. पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं असेल नसेल. मागून शिट्ट्या सुरू झाल्या. तिनं माइककडे पाहिलं, त्यावर फुंकर मारली, हलवून पाहिला आणि मग तो घेऊन माझ्यापाशी आली. चेहरा पार उतरलेला.

"दादा, माजा हात लागून बिघाडला का यो?"

मी म्हणालो, "नाही गं. यंत्र जुनं आहे." आणि माझ्याजवळच्या बाटलीतलं पाणी तिला प्यायला दिलं. ती प्याली. मग तिनं त्या डब्याला हात लावला आणि हात कपाळाला टेकवला. चुकून कशाला पाय लागला की आपण करतो तसा नमस्कार. यंत्राची माफी मागून ती आपल्या जागेवर जाऊन बसली.

नाना उठले. मी बटण दाबलं. माइक लगेच चालू झाला. ते तिनं पाहिलं, आणि तिला त्यातून एकच अर्थ लागला. तो काय होता ते मला कळायला तीसेक वर्षं जायची होती.

नंतर मी नानांच्या सगळ्या सभा केल्या. ते मोठे होत गेले. मोर्चे कमी झाले, उद्घाटनं वाढली. मुरबाडकडे शहरातल्या लोकांची फार्महाऊसं उभी राहू लागली, तेव्हा जमिनी मिळवून देण्याच्या कामात नाना पुढे होते. भाषणांतले दूरचे देश हळूहळू निघून गेले. एकदा मी विचारलंही, "नाना, ती भिंतीची गोष्ट सांगत नाही हल्ली?" ते हसले. "बाळाराम, लोकांना आता रस्ते हवेत." त्यांचं चूक होतं असंही म्हणता येत नाही. रस्ते हवेच होते.

पुढे डीजे आले, माझा धंदा बसत गेला. बाजारपेठेतल्या दुकानात दुपारची वर्दळ थांबली की मी मोबाइल एका डब्याला टेकवून ठेवायचो आणि जगभरच्या गर्द्या बघत बसायचो. ती सवय अजून आहे. देशांची नावं माझ्या लक्षात राहत नाहीत, आवाज राहतात. कुठे बायका केस मोकळे सोडून रस्त्यावर आल्या होत्या. कुठे सगळं शहर छत्र्या घेऊन उभं होतं. कुठे शाळाकॉलेजातली पोरं. शेजारच्या एका देशात लोक राष्ट्राध्यक्षाच्या वाड्यात शिरले, तलावात पोहले, गाद्यांवर लोळले. त्यात एक बाई मला दिसली. पलंगाच्या अगदी कडेला बसली होती, चादर चुरगळू नये म्हणून. राज्य उलथवून आलेली बाई आणि चादरीला जपत होती. ती किती दिवस माझ्या डोळ्यांसमोर होती.

भाषा कळत नसली की गर्दीचा आवाज पाण्यासारखा लागतो. भर पावसाळ्यात काळू नदीच्या पुलावर उभं राहावं तसा. ऐकता ऐकता मला डुलकी लागायची आणि स्वप्नात मी त्या परक्या चौकांत कर्णे बांधत असायचो. पुतळ्याच्या खांद्यावर एक, चर्चच्या मनोऱ्यावर एक. खाली माणसं मात्र आपल्याकडची. मुरबाडच्या बाजारातली, भाजीच्या पाट्या घेऊन आलेली. ती सगळी माझ्याकडे बघून खूण करायची, आवाज सोड, आवाज सोड. आणि माझ्या हाताला बटणच सापडायचं नाही.

जाग आली की मी विचार करायचो. सगळ्या देशांत पहिले दोन दिवस सारखे असतात. तेव्हा कोणी कोणाचं ऐकण्यासाठी थांबलेलं नसतं, सगळे सगळ्यांशी बोलत असतात. मग कोणीतरी स्टेज बांधतं. स्टेज आलं की त्यावर चार खुर्च्या येतात आणि डाव्या अंगाला खोक्यावर माझ्यासारखा एक माणूस येऊन बसतो. रणगाड्यांची भीती सगळ्यांनाच वाटते. मला त्या खोक्यावरच्या माणसाची वाटते. तो वाईट नसतो. त्याला फक्त खुणा कळत असतात.

दोन वर्षांपूर्वी म्हशाची जत्रा आटोपली आणि एका सकाळी दुकानासमोर तीन बायका येऊन उभ्या राहिल्या. मधली पन्नाशी ओलांडलेली, उन्हानं करपलेली.

"वळखलाव का, दादा?"

मी ओळखलं नाही. पण तिनं "शहापूरला तुमी मना पानी दिला व्हतात" म्हटलं तेव्हा ओळखलं.

चांगुणा लग्न होऊन मुरबाडकडच्या करवंदवाडीला आली होती. वाडीपासून मसणवटीकडे आणि झऱ्याकडे जाणारी वाट पिढ्यान्‌पिढ्यांची होती. मधली जमीन फार्महाऊससाठी विकली गेली, तारेचं कुंपण पडलं, वाटेवर लोखंडी फाटक आलं. व्यवहार नानांनी जमवलेला. झऱ्यासाठी बायका वळसा घालत होत्याच. मग चांगुणाचा नवरा वारला. मयत घेऊन माणसं फाटकापाशी गेली तर राखणदार म्हणाला, चावी मालकाकडे, मालक मुंबईला. माणसं तासभर थांबली. शेवटी मयत खांद्यावर घेऊन डोंगराच्या कडेनं, रान तुडवत, वळसा घालून नेली.

"आता समद्या वाड्या मिलून फाटकाशी बसनार हाव," ती म्हणाली. "सायेब येनार हायत. माइक पायजे. लोक बोलले कल्यानवरून आना. मी बोल्ले, नाय. तो दादा चांगला हाय. त्यानं मना पानी दिला."

मी विचारलं, "बोलणार कोण? तूच ना?"

ती एक पाऊल मागे सरली. "नाय रं बाबा. मी नाय हात लावनार. माजा हात यंत्राला सोसत नाय. तवापासून मी घरातला लाइटचा बटन पन दाबत नाय. टीवी पोरं लावतात. मोबाइल नातीनं कानाला लावला तं बोलतंय. पोरं हसतात मना."

तीस वर्षं. मी खुर्चीवरून उठलो ते कशासाठी ते मलाच ठाऊक नाही. खोटं बोलण्याची तयारी माझ्या तोंडात होती, इतक्या वर्षांची सवय. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"चांगुणा, तो माइक बिघडला नव्हता. मी बंद केला होता. नानांनी खूण केली आणि मी बटण दाबलं."

बरोबरच्या दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. चांगुणा माझ्याकडे बघत नव्हती. ती स्वतःचा उजवा हात बघत होती, पालथा, उताणा, परत पालथा.

"येक शब्द तं बोलायचा," ती अखेर म्हणाली. "येक शब्द. मंग कवा तरी. वाटंत, बाजारात. मी आठवड्याच्या आठवड्याला हितूनच जातंय."

तिघी निघून गेल्या. बायकोला संध्याकाळी सांगितलं तेव्हा ती भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली, "मला पण नाय सांगितलंत." तेही खरं होतं.

चौथ्या दिवशी बाजारच्या गाडीनं निरोप आला. माइक घेऊन ये. मीच बोलणार.

त्याच दिवशी नानांची गाडी दुकानासमोर थांबली. ते आत आले, स्टुलावर बसले. चांगलं बोलले. माझ्या गुडघ्याची चौकशी केली, मुलाच्या लग्नाची तारीख सांगितली, सगळं काम तुझ्याकडेच म्हणाले. उठताना म्हणाले, "करवंदवाडीला चाललास म्हणे. जा की. गरीब लोक आहेत. पण बाळाराम, तुझं यंत्र जुनं. ऐन वेळी बंद पडलं तर कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल, नाना," मी म्हणालो. एवढंच धाडस केलं मी आयुष्यात. तेही बसूनच.

फाटकापाशी गेलो ती सकाळ अजून तशीच्या तशी आठवते. भाताच्या कापलेल्या शेतांवर धुकं जमिनीला टेकून होतं. पळस नुकते फुलले होते. धुक्यातून माणसं यायला लागली, आधी नुसती डोकी, मग खांदे, मग पाय. वाडीवाडीची माणसं. तीनचारशे तरी असतील. कोणी घोषणा देत नव्हतं. बायकांनी फाटकासमोर बसायला सुरुवात केली आणि बघता बघता बांधापर्यंत माणसं पसरली. मी दोन कर्णे आंब्यावर बांधले, बॅटरी जोडली, सगळं दोनदा तपासलं. दहाच्या सुमारास सरकारी साहेब आले. त्यांच्या बाजूला फाटकाला टेकून नाना उभे राहिले.

चांगुणानं माइक हातात घेतला. या वेळी एका हातात.

"माजा नवरा मेला," ती म्हणाली. आवाज डोंगरावर जाऊन परत आला. "त्याला आमी या वाटेनं—"

आणि माइक बंद पडला.

मी बटणाला हात लावलेला नव्हता. हात माझ्या मांडीवर होता. मी डब्यावर झडप घातली, वायरी ओढून पाहिल्या, बॅटरी पाहिली. लाल दिवा विझलेला. मागून कुजबुज सुरू झाली. दुकानात आलेल्या त्या दोघी माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या शेजारणी, आणि त्यांच्या शेजारणी. चाळीस वर्षांत पहिल्यांदा सगळी गर्दी माझ्याकडे बघत होती. नानाही बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर शाबासकी होती. ती मला सगळ्यात जास्त लागली.

"चांगुणा, आईशप्पथ, मी नाही केलं," मी ओरडलो. "मी नाही केलं!"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग माइक खाली ठेवला, अगदी सावकाश.

"तुमी केलाव का नाय, ता मंग बगू," ती म्हणाली. "आता उठा. माज्या मागं बोला."

तिनं गर्दीकडे तोंड केलं आणि पुन्हा सुरुवात केली. "माजा नवरा मेला."

पुढच्या रांगेतल्या बायकांनी मान मागे वळवली आणि मागच्यांना सांगितलं, माजा नवरा मेला. त्यांनी त्यांच्या मागच्यांना. वाक्य रांगेमागून रांग ओलांडत गेलं, धुक्यात शिरलं, बांधापर्यंत पोचलं. शेवटी अगदी लांबून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, माजा नवरा मेला. मग चांगुणानं पुढचं वाक्य सोडलं.

"त्याला खांद्यावर घेऊन डोंगर फिरलो."

मी उठून बायकांमागे जाऊन उभा राहिलो होतो. माझ्याही तोंडून तेच निघालं. त्याला खांद्यावर घेऊन डोंगर फिरलो.

"वाटंत नऊ वेला खाली ठेवला."

वाटंत नऊ वेला खाली ठेवला. कोणी ओरडत नव्हतं. मयताच्या घरी बोलतात तितक्याच आवाजात सगळे बोलत होते. बाप्ये, पोरी, नुकती लग्न झालेली, न झालेली, सगळ्यांचा एकच नवरा मेला होता. मी तीस वर्षं मोबाइलवर, टीव्हीवर, स्वप्नात ज्या गर्द्या पाहत होतो त्यांच्यात पहिल्यांदाच उभा होतो, आणि मला दुसरा कुठला चौक आठवेना. शेजारच्या बाईच्या पाठीतून वाक्य माझ्याकडे येताना ऐकू यायचं. छातीत आल्यासारखं व्हायचं आणि मग तोंडातून पुढे जायचं.

"ही वाट आमची हाय," चांगुणा म्हणाली. ते गेलं. मग ती फाटकाकडे वळली. "नाना, तुमी पन बोला."

गर्दीच्या ते अंगवळणी पडलं होतं. रांगा म्हणाल्या, नाना, तुमी पन बोला. मागच्या रांगा म्हणाल्या, नाना, तुमी पन बोला. बांधावरच्या म्हाताऱ्यानंही निरोप पोचवल्यासारखं म्हटलं, नाना, तुमी पन बोला.

मी नानांकडे पाहिलं. त्यांचा हात वर आला होता, पंजा पालथा, पण खूण करायला समोर कोणी नव्हतं. तो हात तसाच राहिला. आणि त्यांचे ओठ हलले. जन्मभर सभा गाजवलेल्या माणसाचे ओठ, ते हलणारच. आवाज मात्र आला नाही. काय म्हणाले, म्हणाले की नाही, हे मला आजही सांगता येत नाही.

साहेबांनी तिथेच उभ्या उभ्या पंचनामा केला. जुन्या नकाशात वाट निघाली. महिन्याभरानं फाटक काढलं. कुंपण आहे, झऱ्याचा वाद अजून चालू आहे, तारखा पडतात. वाडीचं राज्य आलं असं काही झालं नाही. नानांच्या मुलाच्या लग्नाला कल्याणहून डीजे आला आणि त्याचा आवाज माझ्या दुकानापर्यंत ऐकू आला. मी त्या उन्हाळ्यात दुकान बंद केलं.

डबा घरी आणून उघडला तेव्हा दिसलं. आतली एक तार, माझ्याच हातानं कधीतरी झाळलेली, गाडीच्या हादऱ्यांनी सैल होऊन ऐन वेळी सुटली होती. मी तो डबा पिशवीत घातला आणि एसटीनं करवंदवाडीला गेलो. चांगुणा ओट्यावर चिंचोके काढत बसली होती. मी चार स्क्रू काढले, झाकण उचललं आणि तार बोटानं हलवून दाखवली.

"ही बघ. ही सुटली होती. मी केलं नव्हतं."

तिनं तारेकडे पाहिलं, पण कोणी लहान मुलाची पाटी बघावी तसं. पुन्हा चिंच हातात घेतली.

"मना त्यातला काय कलतंय?" ती म्हणाली. मग चिंचोका सुपात टाकत, वर न बघता म्हणाली, "पन तुमी बोलत व्हतात त्या दिशी. ता मी आयकला. समद्यांमदी कलत व्हता. लई बारीक आवाज हाय तुमचा."

चाळीस वर्षांच्या धंद्यात माझ्या आवाजाबद्दल कोणी काही म्हटलेलं ते पहिलंच. मी तिच्या शेजारी ओट्यावर बसलो आणि समोरच्या ढिगातली एक चिंच सोलायला घेतली.